कडूताईंनी मास्क तपासला

ऊन-थंडी अडवायला घरांच्या भिंतींत आणि छतांखाली फोम मारणाऱ्या त्या कंपनीत तिला सगळे कडूताई म्हणत. स्वभाव अगदी उलटा. हसायला लागली की आवरायची नाही. नाव पडलं कामामुळे. मास्क चेहऱ्यावर घट्ट बसतो की नाही, हे ती तपासायची. माणसाला मास्क लावायचा, डोक्यावर पारदर्शक टोपडं चढवायचं आणि आत कडूजार पाण्याचा फवारा सोडायचा. तोंड वाकडं झालं की समजायचं, मास्क गळतोय.

पूर्वी नऊ वर्षं तिनेही फोम मारला होता. फवारताना उडणारी रसायनं छातीत जायला नकोत, हे तिला ठाऊक होतं. पण ‘एवढासा तर कोपरा राहिलाय’ म्हणत ती मास्क गळ्यात लटकवायची. एक दिवस श्वास कोंडला. डॉक्टर म्हणाले, दमा जडलाय, आता त्या कामाच्या आसपासही फिरकायचं नाही. मग ऑफिसच्या मागच्या खोलीत तिने हे टोपडं हाती घेतलं, आणि मास्क पास झाल्याची सही देण्यात ती कुणाचीच भीड ठेवीना.

अशात दुसऱ्या शाखेतून फोमच्या पंपावरचा एक माणूस बदलून आला. दाढी छातीपर्यंत, म्हणून दाढीबुवा. सगळी कंपनी तिला ताई म्हणायची. हा गडी तेवढा ‘मॅडम’ म्हणायचा. दाढीमुळे मास्क चेहऱ्याला टेकेना, पहिल्याच फवाऱ्याला त्याचं तोंड कारल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी तो दाढीला तेल चोपडून आला, तिसऱ्या दिवशी चक्क वेणी घालून. ती हसून हसून खुर्चीतून घसरली, पण सही काही दिली नाही. बावीस वर्षांची दाढी आहे हो, असं तो काकुळतीने सांगू लागला, तेव्हा तिने शांतपणे आपल्या दम्याची सगळी हकिकत सांगितली. तो दाढीवरून हात फिरवत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी एक गुळगुळीत माणूस दारात उभा. नवीन भरती पलीकडच्या खोलीत, असं तिने मान वर न करता सांगितलं. तो खो खो हसला, तेव्हा कुठे ओळख पटली. कपाळ रापलेलं आणि हनुवटी सोललेल्या बटाट्यासारखी पांढरी. तिला पुन्हा हसू फुटलं.

मास्क लागला, फवारा सुटला. मान डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. मग एक मिनिट बोलायचं. सगळे पाढे म्हणत, त्यानेही बेचा पाढा सुरू केला. चौदावर अडखळला आणि मास्कमध्येच काहीतरी पुटपुटला.

“मोठ्याने बोला,” ती म्हणाली.

“माझ्याशी लग्न कराल का?”

बाहेर तपासणीला थांबलेल्या रांगेने दारातून माना आत घातल्या. तिने घड्याळावरची नजर हलवली नाही.

“अजून वीस सेकंद आहेत. बोलत राहा.”

बिचाऱ्याने उरलेला पाढा धापा टाकत संपवला. कडू लागलं का, तिने विचारलं. त्याने मान हलवली, नाही. तिने कागदावर सही ठोकली.

“पास,” ती म्हणाली. “आणि हो, करीन.”

रांगेने असा गलका केला की मालक जिना उतरून खाली आले.

रविवारी तो तिला घरी घेऊन गेला. त्याच्या आईने दार उघडलं, लेकाच्या हनुवटीवरून हात फिरवला, मग दोन्ही हातांनी तिला आत ओढलं. “दाढी काढ म्हणून बावीस वर्षं घसा कोरडा केला मी,” म्हातारी म्हणाली. “तू कोण, कुठली, ते मागाहून सांग. आधी बस.”