उसातली कुसळी

गवतांचे नमुने गोळा करत हिंडताना ढोकीजवळ उसाच्या बांधावर मला एक म्हाताऱ्या बाई भेटल्या. चहूकडं ऊस, आणि त्यांच्या पायाशी हातभर जागेत कुसळी गवत.

"लगीन होऊन आले तवा म्हायेरच्या, सोनारीच्या माळावरली कुसळं लुगड्याला चिकटली होती. हितं झटकली. सासऱ्यानं दोनदा उपटलं, पुन्हा आलं. आता तिकडचा माळ बी नांगरलाय," असं म्हणत त्या गवतावरून उलटा हात फिरवत राहिल्या.

काडी तोडायचा मला धीर झाला नाही. मी सांगितलं, गवताच्या आत डोळ्यांना न दिसणारी बुरशी राहते. गवत तिला पोसतं, ती त्याला उन्हात तगवते, आणि कुसळाच्या बीतून ते जाईल तिथं त्याच्यासोबतच जाते.

हात थांबला.

"म्हंजी, मी एकटी आले न्हवते."