रोडेलचा थर्मास

भांडण बंद दाराआडचं होतं, पण दार कसलं, प्लायवूडचं. फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या त्या खासगी दवाखान्यात वर कुणी शिंकलं तर खालचा पहारेकरी नाक पुसायचा. बिसिंग कॉफीचा ट्रे धरून बाहेर उभी होती आणि आत डॉक्टर पालमारेस आणि दवाखान्याचा वकील देलारामा एकमेकांवर तडकले होते.

"मी रोडेलच्या घरी जाणार. मयताजवळ बसणार," डॉक्टर म्हणाले.

"गेलात की मेलात! डॉक्टर शवपेटीशेजारी बसून डोळे पुसतोय, म्हणजे कबुलीच की. उद्या त्याची आई कोर्टात सांगेल, डॉक्टर रडला म्हणून."

"मला रडायचंच आहे."

"मग घरी रडा, दार लावून. बायकोची साक्ष काढत नाहीत."

"अहो, माझा पेशंट जीव देऊन गेला. नाही गेलो तर मला माणूस म्हणायचं का?"

"खटला होणारच. निकाल लागला की व्हा माणूस. तोवर डॉक्टर राहा."

बिसिंग आत गेली, कप ठेवले आणि म्हणाली, "वकीलसाहेब, हे डॉक्टरांना सांगितलंत. मला अजून कुणी काही सांगितलेलं नाही ना?" वकिलानं तोंड उघडायच्या आत ती जिना उतरून गेलीसुद्धा. संध्याकाळच्या बसनं रोडेलचं गाव गिम्बाल गाठलं आणि तिकडे मयताजवळ नऊ दिवस बसतात, त्यातले तीन दिवस त्याच्या पेटीशेजारी बसली.

बिसिंग तिसरी शिकलेली. मनाच्या आजाऱ्यांच्या त्या वॉर्डात सव्वीस वर्षं काम केलेली. जेवणं वाढायची, चादरी बदलायच्या, अंघोळीला नाही म्हणणाऱ्याला गोडीगुलाबीनं नळाखाली उभं करायचं. लहानथोर सगळे तिला 'नांग' म्हणत, म्हणजे थोरली ताई. ऐंशीची म्हातारीसुद्धा नांगच म्हणायची, आणि वर धाकटेपणाचा हक्क सांगून दोनदा गोड मागायची. वॉर्डातलं कुणी गेलं की त्याच्या घरी जाऊन बसायचं, हे काम मात्र तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. ते तिनं आपणहून अंगावर घेतलेलं.

रोडेल एकतीस वर्षांचा, जहाजावरचा गडी. दोन वर्षं समुद्रावर काढून परत आला तो मनात काळोख घेऊनच. तीन आठवडे वॉर्डात होता. पहिले दोन भिंतीकडे तोंड करून, तिसऱ्यात एकदम हसायला लागला. "नांग, आता बरंय. महिन्याभरात बोट धरतो," म्हणाला. आणि वस्तू वाटायला लागला. पहारेकऱ्याला जाकीट, स्वयंपाकिणीला रेडिओ, डॉक्टरांना पितळी होकायंत्र. बिसिंगला स्टीलचा थर्मास. "तुमची कॉफी कायम गार झालेली असते, नांग. सगळ्यांचं होईस्तोवर स्वतःची विसरता."

आता यात वावगं काय? इलोइलोत दर तिसऱ्या घरातला एक माणूस बोटीवर. जाणारा वाटूनच जातो. न वाटता गेला तर शेजारीपाजारी वर्षभर नाव ठेवतात. सगळा वॉर्ड खूश झाला. डॉक्टरांनी आनंदानं रविवारची घरी जायची सुट्टी दिली. सोमवारी रोडेल यायचा होता. त्याच्याऐवजी फोन आला.

मग खटला. रोडेलची आई, नाय सोलेंग ('नाय' म्हणजे आई), कोर्टाची पायरी चढणारी बाई नव्हती. तिच्या भावानं चढवली. डॉक्टरनं ओळखायला हवं होतं, सुट्टी द्यायला नको होती, असा दावा. घरच्यांच्या वकिलानं जाड पुस्तक आणलं होतं. त्यात म्हणे छापलेलंच होतं: जीव द्यायचं ठरवलेला माणूस एकाएकी शांत होतो आणि आपल्या वस्तू वाटून टाकतो.

एकट्या होकायंत्राला आभाराची भेट म्हणता आलं असतं; गाडं अडलं ते थर्मासवर. बिसिंगनं डॉक्टरांना थर्मासचं सांगितलं होतं का? सांगितलं म्हणाली, तर डॉक्टरांना कळलं होतं हे सिद्ध आणि त्यांचा परवाना गेला. नाही म्हणाली, तर चूक हिची, नोकरी हिची गेली.

देलारामा वकिलानं तिला बोलावून शिकवलं. "सोपं आहे. आठवत नाही म्हणायचं."

"पण आठवतंय की."

"आठवत असलं तरी."

"वकीलसाहेब, वॉर्डात असं कुणी बोललं तर आम्ही त्याच्या गोळ्या वाढवतो."

"नांग, तुमची नोकरी, डॉक्टरांचा परवाना. बघा, दोन्ही तुमच्या जिभेवर."

त्या आठवड्यात चादरी बदलताना बिसिंग हाच हिशोब मांडत होती. पालमारेस हा एकच डॉक्टर असा होता की जो पेशंटच्या पलंगावर बसून बोलायचा, उभ्या उभ्या नाही. त्याला घरी बसवायचं? आणि तिकडे ती आई. तीन दिवस शेजारी बसून एकच प्रश्न विचारत होती: "कुणालाच कसं कळलं नाही गं?"

साक्षीच्या दिवशी बिसिंग चर्चला जायचा झगा घालून उभी राहिली. घरच्यांचा वकील पुढे झाला.

"रोडेलनं तुम्हाला काही दिलं?"

"थर्मास. झाकण थोडं ढिलं आहे, पण कॉफी गरम राहते."

"संशय नाही आला?"

"साहेब, मागच्या महिन्यात शेजारणीचा पोरगा बोटीवर गेला, त्यानं मला बोकड दिला. त्याला धरून दवाखान्यात न्यायला हवं होतं का?"

कोर्टात खसखस पिकली. न्यायाधीशबाईंनी हातोडा आपटला, पण ओठ त्यांचेही हलले.

"थर्मासचं तुम्ही डॉक्टरांना सांगितलं होतं का?"

देलारामा वकिलाला मोठा खोकला आला. डॉक्टर खाली बघत होते. बिसिंगनं आईकडे पाहिलं.

"सांगितलं होतं. त्याच दिवशी. डॉक्टर हसले आणि म्हणाले, मला होकायंत्र मिळालंय. पहारेकऱ्याला जाकीट, स्वयंपाकिणीला रेडिओ. आम्ही सगळ्यांनी घेतलं, साहेब. घेताना आमच्यातल्या कुणीच पुस्तक उघडलं नव्हतं. मी तर ते उघडलं असतं तरी मला वाचता आलं नसतं."

वकील खुशीत आला. संपलाच म्हणा ना डॉक्टर. पण मागच्या बाकावरून नाय सोलेंग उठली. तिला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. भाऊ तिची बाही ओढत होता.

"मलाही दिलं," ती म्हणाली. "त्याचं बोटीवरचं ओळखपुस्तक. म्हणाला, नाय, देवापाशी ठेव. मी ठेवलं, फुलं वाहिली." भावाच्या हातातून तिनं बाही सोडवली. "त्या पुस्तकाशिवाय बोटीवर पाऊल ठेवू देत नाहीत. खलाशाची बायको मी, खलाशाची आई. मला ठाऊक होतं. तरी मी फुलंच वाहिली."

कुणी हातोडा आपटला नाही.

निकाल यायला आणखी दोन वर्षं लागली. ती दोन्ही वर्षं बिसिंगनं धोबीखान्यात काढली; वकिलाच्या मते तिच्या जिभेला साबणाची गरज होती. निकाल मात्र उलटा आला. जे जन्मदात्या आईला उमगलं नाही ते डॉक्टरला उमगायलाच हवं होतं, असं कोर्टाला म्हणवेना. डॉक्टर सुटले. ज्या साक्षीनं बुडायचं ती साक्षच तारून गेली, तेव्हा देलारामा वकिलानं बिसिंगला केक पाठवला आणि साक्ष आपणच पढवली होती असं चारचौघांत सांगायला लागला. केक चांगला होता. तिनं सगळ्या धोबीखान्याला वाटला.

कोर्टानं दवाखान्याला एवढंच बजावलं की नोंद ठेवत जा. झालं! वरातीमागून घोडं निघालं. फॉर्म छापून आला: रुग्णाने वस्तू दिली काय, कोणती, कोणास, मरावेसे वाटते काय, होय किंवा नाही, योग्य तिथे खूण करा.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टर धोबीखान्याच्या दारात येऊन उभे राहिले. "नांग, आता जाता येईल ना मला?"

"तीन वर्षं उशीर झालाय."

"तुम्ही याल बरोबर?"

गिम्बालला नाय सोलेंगनं दार उघडलं, दोघांना खुर्च्या दिल्या, कॉफी आणि बिस्किटं पुढे ठेवली, मयताला आलेल्यांपुढे ठेवतात तशी. डॉक्टर रडले. कुणी लिहून घेतलं नाही. निघताना ती उठली नाही, दारापर्यंत आली नाही. मयताच्या घरचे पाहुण्याला पोचवायला येत नसतात. तिनं आपल्याला मयताला आलेल्यांत धरलं हे डॉक्टरांना कळलं आणि ते पुन्हा रडले. मयताहून परतताना थेट घरीही जायचं नसतं, म्हणून बिसिंगनं त्यांना रस्त्यावरच्या टपरीवर नूडल्सचं वाडगंभर सूप प्यायला लावलं. मग डॉक्टरांनी तिला धोबीखान्यातून वॉर्डात परत आणलं.

फॉर्म नर्स भरायच्या. बिसिंगचा आपला वेगळाच फॉर्म. दुपारी थर्मास घेऊन पलंगापलंगावर बसायची. "जेवलास का?" आणि त्याच सुरात, "मरावंसं वाटतं का रे?" नर्सपुढे 'नाही'वर खूण करणारे तिच्यापुढे कधी कधी "हो" म्हणत. मग ती उठायची नाही. डॉक्टरांनाच तिथे बोलावून घ्यायची.

साठाव्या वर्षी निवृत्तीचा दिवस आला. तिनं रीतीप्रमाणे वस्तू वाटल्या: छत्री पहारेकऱ्याला, एप्रन धोबिणीला, रंगीत चपला नर्स लिझेलला. लिझेलनं चपला पायात घातल्या आणि खणातून फॉर्म काढला.

"नांग, रागावू नका, नियम आहे. वस्तू वाटताय तुम्ही. मरावंसं वाटतं का?"

"चपला घालून विचारतेस होय गं भवाने!"

"योग्य तिथे खूण करू ना?"

"कर. आणि कॉफी गार होतेय म्हणून पण लिही."

मग थर्मास उचलून ती नेहमीसारखी वॉर्डात शिरली. सातव्या पलंगावर नवा माणूस होता, शाळामास्तर, चार दिवस भिंतीकडे तोंड करून पडलेला. आज उठून बसला होता. त्यानं मनगटावरचं घड्याळ काढून तिच्यापुढे धरलं.

"तुम्ही जाताय म्हणून. ठेवा."

बिसिंग त्याच्या पलंगावर बसली. "जेवलात का, मास्तर?"

"हो."

"मरावंसं वाटतं का?"

मास्तर घड्याळाकडे बघत राहिला. तिनं मागे वळून लिझेलला डॉक्टरांना आण म्हणून खूण केली, घड्याळ परत त्याच्या मनगटावर बांधलं आणि पट्टा एक भोक घट्ट केला.

"सोमवारी येऊन नेईन. तोवर तुमच्याकडेच."

"सोमवारी तुम्ही कुठे असणार इथे?"

"असणार. घड्याळ न्यायला."

डॉक्टर येऊन पलंगाच्या दुसऱ्या कडेला बसेपर्यंत ती हलली नाही. मग थर्मासचं ढिलं झाकण फिरवलं आणि कप पुढे केला.