दहाच्या डोक्यावरचा आठ

ऊस तुटला की आबा, म्हणजे माझे वडील, रानातलं पाचट, उसाचा वाळका पाला, पेटवून द्यायचे. राहुरीकडे सगळेच पेटवतात. मी तेव्हा मातीतल्या जिवाणूंवर एम.एस्सी. करत होते. म्हटलं, अर्धं रान पेटवू नका, दोन्हीकडच्या मातीतले जिवाणू मोजून दाखवते. त्यांनी ऐकलं, पण बजावलंच, "फरक दिसला न्हाई, तर फुडल्या साली सगळं पेटवनार."

मोजणी झाली. आलेखाचा कोड लिहिला, तर उभ्या अक्षावर शून्यांची ही गर्दी. थोडं बदललं, तर 1e8 असलं काहीतरी उमटलं. ते आबांपुढे काय ठेवणार? मग तीन ओळींचं फंक्शन लिहिलं आणि शाळेच्या वहीतल्यासारखं करून घेतलं: दहा, आणि त्याच्या डोक्यावर बारीक घातांक. मी स्वतःवर भलतीच खूश होते.

रविवारी ओट्यावर लॅपटॉप उघडला. आबांनी चष्मा लावला, पेटवलेल्या मातीपुढचा सहा वाचला, न पेटवलेल्या मातीपुढचा आठ वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

"दोनाचाच फरक हाय की."

मला असा राग आला! पण त्यांचं तरी काय चुकलं? दहा दोन्हीकडे होता, मग माणूस डोक्यावरचाच आकडा बघणार.

लॅपटॉप बाजूला सारून आईकडून मूठभर बाजरी मागून घेतली. डोक्यावरचा आकडा एकानं वाढला की दहापट, दोनानं वाढला की शंभरपट, असं सांगत एका बाजूला एक दाणा ठेवला आणि दुसऱ्या बाजूला शंभर मोजायला लागले. यातला एकेक दाणा म्हणजे दहा लाख जिवाणू, आणि हे सगळे चिमटीभर मातीत, असंही सांगितलं. सत्तराच्या आसपास माझाच हात थांबला. एम.एस्सी.ची दोन वर्षं मी असले आठ टाईप करत होते आणि तो केवढा आहे हे मला आत्ता कळत होतं.

आबांनी ढिगातला एक दाणा उचलून तळहातावर घेतला.

"जित्ती हायेत सगळी?"

मी मान डोलावली.

पुढच्या हंगामात ऊस तुटला. शेजारचे काका सवयीनं काडीपेटी घेऊन आमच्या बांधावर आले. आबांनी त्यांचा हात धरला.

"नगं पेटवू. खाली वस्ती हाय."