लोंढ्याचा उतार आणि दिवसाउजेडीचं जेवण

आक्का, आम्ही सदलग्याहून निघालो त्या सकाळी टेम्पोत सगळ्यात वर आमच्या पद्माची छोटी सायकल बांधली होती. दोरी आप्पांनी स्वतः आवळली, तीनदा ओढून बघितली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, ''डोंगरात दिस लौकर मावळतोय. जेवणाचं ध्यान ठेव गं.'' ह्यांची रेल्वेत लोंढ्याला बदली झाली होती, मुलूख अनोळखी, आणि वडील बोलले ते जेवणाचं! मला रागच आला होता. तू दारात डोळे पुसत उभी होतीस, तेवढंच बरं वाटलं.

आप्पांचं खरं निघालं. तिकडे ऊस तोडला की पार नदीपर्यंत दिसायचं, सूर्य शेवटपर्यंत डोळ्यांसमोर असायचा. इथं चहूकडे डोंगर, आणि क्वार्टरच्या मागे लगेच जंगल. पाच वाजले की अंगणात सावली. आपल्या जैनांच्या घरात दिवस मावळला की जेवण बंद, त्यामुळे पहिलं वर्षभर मी घड्याळाकडे बघतच जेवले. भीती तर कशाकशाची होती म्हणून सांगू! जळवांची, सापांची, गव्यांची. ''आपल्या म्हशीचा थोरला भाऊ हाय त्यो,'' असं हे चेष्टेनं म्हणायचे. तो थोरला भाऊ कुंपणाशी आला, तेव्हा मी दोन दिवस कपडे वाळत घालायला बाहेर पडले नाही.

पद्माला मात्र यातलं काहीच नाही. पोर इथंच वाढली. आता शनिवार-रविवारी बेळगाव-गोव्याकडून सायकलवाले येतात, त्यांना ती डोंगरातून फिरवून आणते. आपल्याकडे सायकल म्हणजे दुधाचे कॅन आणि वैरणीचा भारा. इथले लोक जाड टायरची महागडी सायकल घेऊन मुद्दाम दगडधोंड्यांच्या उतारावर घालतात आणि त्याला ट्रेल म्हणतात. वर हेल्मेट घालतात, म्हणजे पडणार हे त्यांनाही ठाऊक असतं. ती परत येईपर्यंत मी अंगणात फेऱ्या मारत असते.

दिवस मावळायच्या आत जेवायचा आपला नियम तिनं केव्हाच सोडला. पण एक हट्ट मी सोडला नव्हता: ती आल्याशिवाय जेवायचं नाही. तिला उशीर झाला की दिवस मावळायचा आणि मी सकाळपर्यंत उपाशी. रागवायचे नाही हं, नुसती झाकलेल्या ताटापाशी बसून राहायचे. आई हेच करायची, आणि आपण दोघी धापा टाकत घरी यायचो, आठवतं ना?

गेल्या थंडीत एका रविवारी कुणाचा तरी टायर फाटला आणि पद्माला उशीर झाला. घरी यायला दोन वाटा. एक जीपचा रस्ता, लांबून येणारा. दुसरी झाडीतून सरळ खाली ओढ्यावर उतरते. तिथं संध्याकाळी गवे पाण्याला येतात, म्हणून ती स्वतःच पाहुण्यांना तिकडे जाऊ देत नाही. त्या दिवशी पाहुण्यांना तिनं रस्त्यानं पाठवलं आणि ही एकटी उतारावरून निघाली.

इकडे अंधार पडला. फोन लागेना. हे बॅटरी घेऊन रुळांवर काम करणाऱ्या दोन गँगमनबरोबर जंगलात शिरले. मी अंगणात णमोकार म्हणत होते आणि मध्येच अडखळत होते. जन्मापासून पाठ असलेला मंत्र, आक्का, मला आठवेना.

ती ह्यांच्याबरोबर चालत आली. पुढचं चाक वाकडं, कोपर सोलून निघालेलं. वळणावर समोर गवा उभा होता. ब्रेक मारला, ती चरीत पडली, आणि तो फुसफुसत निघून जाईपर्यंत श्वास धरून पडून राहिली. मी ओरडले, ''त्या वाटंनं का आलीस गं?''

झाकलेल्या ताटाकडे बघत ती म्हणाली, ''तू उपाशी ऱ्हातीस म्हणून.''

गव्याची भीती मला समजते. त्या दिवशी मला माझीच भीती वाटली.

सदलग्यात घर म्हणजे सगळ्यांनी एका वेळी पाटावर बसणं. इथं मी आता तिची वाट न बघता पाच वाजता एकटी जेवते. घास उतरत नाही, पाण्याबरोबर गिळते. मग तिला फोनवर लिहून पाठवते, 'मी जेवले.' डोंगरमाथ्यावर रेंज आली की तिला ते दिसतं, आणि ती लांबच्या रस्त्यानं सावकाश घरी येते.