आरतीतली धग

त्या संध्याकाळी देवी माझ्या अंगात आली होती की नाही, हे मला अजूनही ठाऊक नाही. ठाऊक करून घ्यायची खोड मात्र जन्मजात. घरचे म्हणतात, देवानं हातावर प्रसाद ठेवला तरी ही आधी त्यात काय काय घातलंय ते विचारील. म्हणून घडलं तसं लिहिते, अर्थ ज्याचा त्यानं लावावा.

माझी पाळी बंद होऊन वर्ष उलटलं होतं. मनातून मी खूशच होते, कारण नवरात्रात मध्येच बाजूला बसायची धास्ती संपली होती. सासूबाईंनी यंदा घटाची सगळी पूजा माझ्याकडे सोपवली. पण एक गेलं आणि दुसरं आलं. बसल्याजागी छातीतून गरम लाट उठायची, मान, चेहरा, कान पेटायचे, घामानं ब्लाउज भिजायचा आणि पाठोपाठ हुडहुडी भरायची. शाळेत फळ्यावर लिहिताना व्हायचं, भाजी निवडताना व्हायचं. देवापुढे बसलं की चित्त लागायच्या आत मी घामानं निथळायचे. इतक्या वर्षांनी देवीपाशी बसायला मोकळी झाले आणि बसताच येईना, याचं फार वाईट वाटायचं.

सातव्या माळेला आमच्या कॉलनीतल्या देवळात आरतीला उभी होते. गर्दी, कापराचा धूर, संबळाचा ठेका, आणि नेमकी तेव्हाच लाट आली. तोंड लालबुंद झालं, अंग थरथरलं, तोल सावरताना मी मागेपुढे झुलले. शेजारच्या निकमकाकू म्हणाल्या, "आई आली, बाजूला व्हा, आई आली." बघता बघता माझ्या कपाळावर मळवट भरला गेला, पायांवर पाणी पडलं, पदरात नारळ आला. अहो, मला नुसतं उकडतंय, असं मी सांगणारच होते. तेवढ्यात मागच्या गल्लीतली एक तरुण सून पुढे झाली आणि माझ्या पायांवर डोकं ठेवून रडू लागली. दोनदा दिवस जाऊन तिचा गर्भ पडला होता, हे सगळ्या कॉलनीला माहीत होतं. "आई, या वेळी तरी टिकेल ना गं?" तिनं विचारलं. मला हो म्हणवेना आणि नाहीही म्हणवेना. पण त्या घटकेला त्या पोरीबद्दल जी माया दाटून आली, तशी मला पोटच्या मुलांबद्दलही क्वचितच आली असेल.

गर्दीतून एका नऊवारीतल्या बाईनं माझा दंड धरला आणि मला बाहेर पारावर आणून बसवलं. ती सिन्नरकडची, लेकीकडे पाहुणी आलेली. तिच्या अंगात देवी येते, असं तिनंच सांगितलं. पाणी पाजून म्हणाली, "बाई, पाळी गेली का तुझी?" मी हो म्हटलं. "आत काय काय झालं, समदं आठवतंय?" मी मळवट, पाणी, नारळ, पोरीचं रडणं, सगळं सांगितलं. ती हसली. "माझ्या अंगात येतं तवा मला मागून काय बी आठवत नाय. तुला समदं आठवतंय. ही वयाची धग हाय, मला बी लय झाली व्हती. डॉक्टरीणबाईकडं जा. आन् त्या पोरीला खरं काय ते सांग." दुसऱ्या दिवशी त्या सिन्नरच्या बाईला शोधायला गेले तर ती गावी निघून गेली होती.

सासूबाईंचं मत उलटं. "आलेली देवी गोळ्या खाऊन घालवू नकोस," त्या म्हणाल्या. खरं सांगायचं तर भीती मलाही तीच होती. औषधानं धग गेली आणि तिच्याबरोबर ती मायाही गेली, तर काय उरलं? देवीनं आयुष्यात एकदा जवळ घेतलं आणि तोही शरीराचाच खेळ निघाला, हे मला सोसवलं नसतं. दसरा होईपर्यंत मी नुसतीच घोळ घालत बसले. शेवटी खोडच कामाला आली. खरं काय ते कळलंच पाहिजे, म्हणून उठले आणि गेले.

डॉक्टरांनी माझ्या प्रश्नांचा कंटाळा केला नाही. आधी त्यांनीच पुष्कळ विचारलं. घरात कुणाला स्तनाचा कर्करोग, कधी रक्ताची गाठ, रक्तदाब, यकृताचा त्रास. तपासण्या केल्या. मग सांगितलं, की अंगातलं एक हार्मोन कमी झालं की मेंदूतला तापमान सांभाळणारा भाग जरा चिडखोर होतो, थोड्याशा उष्णतेनंही घाम फोडतो. तेच हार्मोन अगदी कमी मात्रेत द्यायचं, गर्भाशय शाबूत आहे म्हणून जोडीला दुसरं. हे सगळ्यांना चालत नाही, तुम्हाला चालेल, पण तपासणीला येत राहायचं. पहिले काही आठवडे फारसा फरक नव्हता. मग लाटा विरळ झाल्या, आणि एका सकाळी पोथीचा अध्याय संपला तेव्हा लक्षात आलं, की ब्लाउज कोरडा आहे. मी देवघरातच बसून रडले.

मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी हळदीकुंकवाला ती सून आली. पोट दिसू लागलं होतं, चेहऱ्यावरची भीती मात्र तशीच होती. बाकीच्या गेल्यावर तिला थांबवून सांगितलं, की त्या दिवशी देवी नव्हती गं, माझ्या वयाची धग होती.

"मला वाटलंच होतं, काकू," ती म्हणाली. "पण तुम्ही डोक्यावर हात ठेवलात ना, त्या रात्री मी किती दिवसांनी नीट झोपले."

"कुठला हात?"

"दोन्ही हात. किती वेळ ठेवले होते."

मला मळवट आठवतो. पायांवरचं गार पाणी आठवतं, नारळाची शेंडी टोचली तीही आठवते. हात आठवत नाहीत. सिन्नरच्या त्या बाईला विचारावंसं वाटलं, पण तिचा पत्ता माझ्याकडे नाही. विचारायची खोड काही गेलेली नाही, औषधही चालू आहे. एवढा एक प्रश्न मात्र मी आईच्या पायाशी ठेवला आहे. तिनं औषध दिलं, ते सांगायला माणूस पाठवलं, आणखी काय मागायचं.

निघताना ती पोर नमस्काराला वाकली. मी दोन्ही हात तिच्या डोक्यावर ठेवले, या वेळी आठवणीनं. अंगात धग नव्हती. माया तेवढीच होती.