जुन्या पुस्तकातला निकाल

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी राज्यशास्त्राच्या सरांनी मला ट्युटोरियलसाठी अमेरिकेतल्या धर्मस्वातंत्र्याचा विषय दिला. त्याच आठवड्यात आमच्या वसतिगृहातून एक घड्याळ गेलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. तो मी लावला, आणि चुकीचा लावला.

दुष्काळाचं वर्ष होतं. नगरच्या त्या लहानशा वसतिगृहात आम्ही बारा मुलं होतो. मेसमध्ये लाल मिलोची भाकरी असायची. ती ज्वारी अमेरिकेतून येते असं सगळे म्हणायचे, आणि खाताना त्या देशाला नावं ठेवायचे. माझ्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडील नेवाशाकडे रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते. शहरात कुणाशी कसं बोलावं हे मला नीट कळत नसे, म्हणून मी कमीच बोलायचो.

घड्याळ अकोल्याच्या एका मुलाचं होतं. त्याच्या फौजेतल्या थोरल्या भावानं ते दिलेलं. त्या मुलानं ते न्हाणीच्या कट्ट्यावर काढून ठेवलं आणि परत येऊन बघतो तर नाही. रेक्टरना सांगितलं असतं तर त्यांनी पेट्या उघडून बघितल्या असत्या, कदाचित पोलीसही आणले असते. मुलांना ते नको होतं. गावाकडे असं काही झालं की जे करतात तेच करायचं ठरलं. रविवारी सकाळी मेसमध्ये प्रत्येकानं भंडारा उचलायचा.

भंडारा म्हणजे खंडोबाची हळद. ती बेलाच्या पानासह हातात घेऊन खरं काय ते बोलायचं. खोटं बोललं तर देव बघून घेतो. जो उचलत नाही, तो चोर. माझा खोलीभाऊ, म्हणजे एका खोलीत राहणारा जोडीदार, पारनेरचा होता. त्याच्या ट्रंकेत भंडाऱ्याची पुरचुंडी कायम असायची. त्यानंच ती ताटलीत ओतली.

आमच्याही घरी पूर्वी खंडोबा होता. मी तीन-चार वर्षांचा असताना वडिलांनी धर्म बदलला, तेव्हा देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधून प्रवरेच्या डोहात सोडले. जुन्या देवांच्या पाया पडायचं नाही, त्यांची आण घ्यायची नाही, हे आमच्या घरात पक्कं झालं. एकदा गावात बैलाच्या वादात वडिलांना भंडारा उचलायला सांगितला होता. ते नाही म्हणाले. वर्षभर लोक त्यांच्याकडे तिरके बघत होते. मी ते बघतच वाढलो.

एकेकजण उचलत गेला. माझी पाळी आली तेव्हा मी उचलणार नाही असं म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा सांगावं लागलं. कारण सगळ्यांना ठाऊक होतं, तरी ते मी तोंडानं सांगावं अशी ते वाट बघत होते. मला सांगता आलं नाही. बाकावरून कुणीतरी म्हणालं, "नव्या धर्मात चोरी चालती का रं?" दोघंतिघं हसले.

खोलीभाऊ हसला नाही. तो समजुतीनं म्हणाला, "गड्या, तुला देव मान्य न्हाई ना? मग ही नुसती हळद हाय. हळदीला हात लावायला काय जातंय तुझं?"

मी उठून खोलीवर गेलो.

त्यानंतर कुणी मला काही बोललं नाही, मारलं तर मुळीच नाही. फक्त मी खोलीत आलो की ट्रंकांना कुलपं लागायची. न्हाणीच्या कट्ट्यावरचे साबण उचलले जायचे. जेवताना माझ्या दोन्ही बाजूंना एकेक माणूस बसेल एवढी जागा रिकामी राहायची. आमटी मागायची तर मोठ्यानं मागावी लागे, म्हणून मी कोरडी भाकरी खाऊन उठायचो. खोलीभाऊ बोलायचा, पण दिवा मालवू का, एवढंच.

मग मी लायब्ररीत बसू लागलो. तिथं एकटं बसणं कुणाला विचित्र वाटत नाही. अमेरिकेच्या घटनेवर एकच जाडजूड पुस्तक होतं, इंग्रजी, पाठपुठ्ठा निसटलेलं. डिक्शनरी शेजारी ठेवून एक पान वाचायला मला कधी कधी सकाळ जायची. त्यात एका बहीणभावाचा खटला होता. तिकडे शाळेत रोज हात वर करून झेंड्याला वंदन करावं लागे. या मुलांच्या पंथात देवाशिवाय कशालाही वंदन करणं पाप. त्यांनी हात वर केला नाही, शाळेनं त्यांना काढून टाकलं. त्यांचे वडील थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.

तेवढा मजकूर मी दोनदा वाचला. इतक्या लांबच्या, परक्या मुलांवर माझ्यासारखीच वेळ आली होती. पुढचं पान काय सांगतंय याची मला भीतीच वाटली. पुढच्या पानावर मुलं हरली होती. एक सोडून सगळ्या न्यायाधीशांनी शाळेच्या बाजूनं निकाल दिला होता. देशाची एकी मोठी, त्यासाठी शाळा एवढं मागू शकते.

मी तीन दिवस त्यावर विचार केला. आपल्या घटनेतही धर्मस्वातंत्र्याचं कलम आहे. ते मला तोंडपाठ होतं, पण ते मला परीक्षेपुरतं वाटायचं. अमेरिकेतला निकाल खरा वाटला, कारण त्यात माणसं होती. तिथले मोठमोठे न्यायाधीश म्हणतात की सगळ्यांबरोबर राहायचं तर हात वर करावा, मग मी कोण? आता वाटतं, मला असं सांगणारं कुणीतरी हवंच होतं. एकटं जेवून मी थकलो होतो.

दुसऱ्या रविवारी मी खोलीभावाला पुरचुंडी काढायला सांगितली. मेसमध्ये सगळ्यांसमोर भंडारा उचलला आणि घड्याळ मी घेतलं नाही, असं म्हणालो. ते खरंच होतं. घड्याळवाला उठून माझ्याशेजारी येऊन बसला. कुणीतरी माझ्या ताटात लसणाची चटणी वाढली. "एवढंच करायचं हुतं की," असं दोघंतिघं म्हणाले. मला फार बरं वाटलं, ते लपवून काय करू? बोटांच्या पेरात हळद दोन दिवस राहिली. वडिलांना पत्र लिहायला घेतलं, ते मात्र जमलं नाही.

ट्युटोरियलमध्ये मी तो निकाल सविस्तर लिहिला, आणि शेवटी तो योग्य असल्याचं माझं मतही लिहिलं. वही परत आली तेव्हा समासात लाल शाईत दोन ओळी होत्या. हा निकाल त्याच न्यायालयानं तीन वर्षांनी फिरवला. तू वापरलेलं पुस्तक त्याआधी छापलेलं आहे.

मी सरांच्या खोलीत गेलो. त्यांनी नवं पुस्तक माझ्यासमोर ठेवलं आणि पान काढून दिलं. दुसऱ्या मुलांचा खटला होता, तसाच. या वेळी न्यायालय म्हणालं होतं की माणसानं काय मानावं हे कोणत्याही अधिकाऱ्यानं ठरवायचं नाही, आणि तोंडानं किंवा कृतीनं तसं कबूल करायला त्याला भाग पाडायचं नाही. सर सांगत होते की तिकडे हे वाद संपत नाहीत, आजही शाळांवरून, फाशीवरून भांडणं चालू आहेत, आणि न्यायालयालाही आपली चूक कळायला वेळ लागतो. मी मान हलवत होतो. काय झालं, असं त्यांनी विचारलं. काही नाही, म्हणालो. सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं अजून वाटतं.

खोलीवर आल्यावर मी खोलीभावाला म्हणालो, "मी ती शपथ परत घेतोय."

तो हातातला सदरा तसाच धरून माझ्याकडे बघत राहिला. "म्हंजे घड्याळ तूच घेतलं?"

"नाही."

"मग शपथ परत कशापायी घेतो? परत घेतली म्हंजे खोटी हुती, असंच हुतंय ना."

"खोटी नव्हती. मी घ्यायलाच नको होती."

हे मी आधी लक्षात घेतलं नव्हतं. न्यायालयाला आपला निकाल फिरवता येतो. भंडाऱ्याचा फिरवायची सोय नाही. खोलीभाऊ पलंगावर बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "मला सांगितलंस ते लई झालं. बाकीच्यांना सांगू नगंस. आत्ता कुठं नीट चाललंय तुझं."

तो माझ्या भल्याचंच सांगत होता. तरी मी दुपारी मेसमध्ये सांगितलं. धड सांगता आलं नाही, मध्येच अडखळलो, झेंड्याची गोष्ट उलटसुलट झाली. शेवटी घड्याळवाल्यानं विचारलं, "मग आता आमी काय समजायचं?" मी घेतलं नाही एवढंच समजा, म्हणालो. त्यानं ताट उचललं आणि तो पलीकडच्या बाकावर गेला. मग बाकीचेही सरकले.

घड्याळ कुणी घेतलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. टर्म संपेपर्यंत मी त्या बाकावर एकटा जेवलो. आमटी मोठ्यानं मागायला मात्र शिकलो.

सुट्टीत घरी गेलो तेव्हा वडिलांना सगळं सांगितलं, उचलल्याचंही. ते ऐकून घेऊन खडीच्या कामाला निघून गेले. आई भाकरी थापत होती. तिनं विचारलं, "तिथं जेवताना कोन असतं रं संगं?"

"असतात मुलं," मी म्हणालो.