तीन चौकटींचा सण

आमच्या वॉर्डचा ड्युटी चार्ट मी करते, आणि चौकटी वाचवण्यात माझा हात कोणी धरणार नाही. वर्ध्यातल्या आमच्या दवाखान्याचं अख्खं वर्ष मी अंगठ्याएवढ्या चौकटींत कोंबते: गु.पा., म.शि., पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ता.पो. तान्ह्या पोरांनी लाकडी बैल मिरवायचे म्हणून तान्हा पोळा, हे इथे कोणाला सांगावं लागत नाही. पुण्याहून आलेल्या मॅट्रन मॅडमना मात्र मी मोठ्या तोऱ्यात समजावलं होतं.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी वॉर्डातल्या आयाबाई, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या मावशी, तीन दिवस सुट्टी मागायला आल्या. त्यांच्या आईला नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं होतं. म्हातारीचे गुडघे पार गेलेले, त्या गर्दीतून एका दिवसात जाऊन येणं शक्य नव्हतं. "यंदाचंच शेवटचं म्हणते ते," मावशी म्हणाल्या. पण एकीला तीन दिवस दिले तर बाकीच्यांनी माझा जीव खाल्ला असता. मी एकच दिवस दिला आणि दसऱ्याच्या चौकटीत ध.प्र.दि. लिहिलं.

"सिस्टर, एवढं मोठं नाव काऊन कापून राह्यल्या?"

"मग तुम्हीच लिहा," मी चिडून पेन पुढे सरकवला आणि इंजेक्शनं द्यायला निघून गेले.

संध्याकाळी मॅडमची सही झाली. सही झालेला चार्ट आमच्याकडे बदलत नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मावशी आल्याच नाहीत, तेव्हा मी तावातावाने चार्टपाशी गेले. माझी अक्षरं व्हाइटनरखाली गेली होती. त्यावर टपोऱ्या अक्षरांत 'धम्मचक्र प्रवर्तन दिन', आदल्या दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंत, तीन चौकटी भरून. ते दोन जादा दिवस बेडपॅन मीच उचलले, मनातल्या मनात मावशींचा उद्धार करत.

परतल्यावर त्या आईलाच घेऊन आल्या. पांढरं लुगडं, आणि हातात माझ्यासाठी नागपूरहून आणलेलं कॅलेंडर.

"पोरीवर रागावू नको माय," म्हातारी म्हणाली. "माह्या बापाले गावात समदे अर्ध्या नावानं हाका मारत. लहान लहान पोरंबी. दीक्षा घेतली त्या दिवशी मी त्याच्या खांद्यावर होती. परत येताना वाटेत ज्यानं इचारलं, त्याले तो आपलं पुरं नाव सांगे. तवापासून आमच्या घरी कोणाचंच नाव कापत नाई."

मला लाज वाटली. मी म्हातारीला स्टुलावर बसवलं आणि चहा सांगितला.

यंदाचा चार्ट परवाच केला. म्हातारी पुन्हा नागपूरला निघाली आहे, पुन्हा 'यंदाचंच शेवटचं' म्हणत. मावशींच्या ओळीत मी स्वतःच्या हाताने त्या दिवसाचं पूर्ण नाव लिहिलं.

मॅडमनी चष्मा सरसावला. "सुट्टी एका दिवसाची ना? मग तीन चौकटी कशाला?"

"नावच तेवढं आहे, मॅडम," मी म्हटलं आणि पेन त्यांच्या हातात दिला.